जुन्या जीप पिकअपचे स्टिअरिंग आणि उद्यमनगरातील एक वर्कशॉप

सीजे-३बी जीपच्या चासीवर मागे हौदा बांधून घेतलेल्या जुन्या महिंद्रा पिकअपचे स्टिअरिंग ढिले झाले असेल, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ज्या वर्कशॉपमध्ये मी अलीकडे हे काम करून घेतले, ते ठिकाण मी विनासंकोच सुचवेन. मात्र ज्यांना गाडी आठवड्याभरात हातात हवी आहे, त्यांनी तिकडे न गेलेले बरे. आपले नाव कुठे छापू नये अशी मालकांची अट असल्याने ते येथे देत नाही. पण उद्यमनगरात शिरून जीपचे स्टिअरिंग बॉक्स कोण उघडते असे कोणत्याही लेथवाल्याला विचारले, तरी तो बरोबर त्याच गल्लीकडे बोट दाखवतो.

गाडीची अवस्था आधी सांगतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग व्हील हाताच्या एका वितीच्या निम्म्याने इकडेतिकडे फिरवले तरी पुढची चाके जागची हलत नसत. ताशी पन्नासच्या पुढे गेल्यावर एखाद्या खड्ड्यातून चाक गेले की पुढचा भाग थरथरू लागे आणि वेग अगदी कमी केल्याशिवाय ती थरथर थांबत नसे. वळणातून बाहेर पडताना व्हील आपणहून सरळ होणे तर कधीच बंद झाले होते. जुनी जीप म्हटली की असे चालायचेच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे आहे. मुंबईत जीपच्या जुळणीपासून सुरुवात केलेल्या महिंद्राने हे उंच बॉनेटचे मॉडेल अमेरिकेत बंद झाल्यावरही अनेक वर्षे बनवले, आणि नवेपणी या गाड्या दोन बोटांत चालत. मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन काढून त्या जागी जड डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्यांमध्ये पुढच्या अ‍ॅक्सलवर वजन वाढते, त्यामुळे सांधे लवकर झिजतात, हे खरे. पण माझ्या गाडीत मूळचेच २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन आहे.

याआधी मी ही गाडी आमच्या गावाजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली होती. तेथे कसलीही तपासणी न करता स्टिअरिंग बॉक्सच्या कव्हरवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून दिला गेला. प्ले, म्हणजे चाके न हलता होणारी व्हीलची रिकामी हालचाल, कमी झाल्यासारखा वाटला. पण व्हील इतके जड झाले की वळणानंतर ते ओढून सरळ करावे लागे, आणि थरथर जशीच्या तशी राहिली. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. उद्यमनगरातील मालकांनी ही हकीकत ऐकून एवढेच विचारले, “स्क्रू आवळला की प्ले मरतोय हो, पण गाडी वळणातनं परत येणार कशी?”

या वर्कशॉपची खरी ताकद त्यांच्या तपासणीत आहे, आणि म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. गाडी लगेच जॅकवर चढवली नाही. चाके जमिनीवरच ठेवून एका मुलाला आत बसवले आणि व्हील हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवत राहायला सांगितले. मिस्त्री स्वतः गाडीखाली आडवे झाले आणि त्यांनी प्रत्येक सांध्यावर तळहात ठेवून कोणता तुकडा आधी हलतो आणि कोणता मागून, ते चाचपून पाहिले. ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंकला हलवणारा दांडा) आणि बॉक्सची बॉडी यांच्यावर खडूने आडवी रेघ ओढली, म्हणजे व्हील किती फिरल्यावर ड्रॉप आर्म हलू लागतो ते डोळ्यांना दिसावे. त्यानंतर ड्रॅग लिंक या जोडदांड्याची दोन्ही टोके, बेल क्रँक आणि चाकांना वळवणाऱ्या दोन टाय रॉडांचे चारही एंड, म्हणजे टोकांचे सांधे, अशा क्रमाने ते पुढे सरकले. ज्या बॉक्सवर आधीच्या गॅरेजने सगळा दोष ठेवला होता, त्याचा वाटा एकूण प्लेच्या एक तृतीयांशाहूनही कमी निघाला. सर्वांत वाईट अवस्था बेल क्रँकची होती. ड्रॅग लिंककडून आलेली हालचाल दोन्ही टाय रॉडांना वाटून देणारा हा तुकडा आपल्या पिनीवर नुसता फिरायला हवा. तो वर-खाली झुलत होता. त्यातली नीडल बेअरिंगे गंजून भुगा झाली होती. ग्रीसचा निप्पल बाहेरून शाबूत दिसत असला, तरी आतली वाट बंद पडून बराच काळ लोटला असावा.

मग पुढचा भाग घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या स्टँडवर, चढवून चाके हवेत घेतली. चाक वरून आणि खालून धरून हलवले असता दोन्हीकडे खडखड जाणवली. येथे मिस्त्रींनी आतल्या मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितले. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिली, तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर डावीकडे-उजवीकडे वळते त्या सांध्याचा. उजवीकडची थांबली, डावीकडची राहिली. परीक्षा साधी आणि फुकटात होणारी आहे, आणि तरीही कित्येक ठिकाणी ती न करताच किंगपिनचा संपूर्ण संच बिलात लावला जातो. या गाडीच्या पुढच्या अ‍ॅक्सलला ट्रकसारखे पितळी बुश नसतात. नकलच्या, म्हणजे चाकासोबत वळणाऱ्या तुकड्याच्या, वर आणि खाली टेपर रोलर बेअरिंगे असतात आणि त्यांचा ताण पातळ शिमांनी जुळवावा लागतो. डाव्या नकलमधून निघालेला खालचा कप मला हातात दिला गेला. त्याच्या पृष्ठभागावर रोलरांच्या मापाचे, नखाला लागतील असे चरे पडले होते. गाडी बहुतेक काळ सरळच चालत असल्याने रोलर एकाच जागी आदळत राहतात आणि तेथेच घर करतात. मग व्हील सरळ स्थितीत आले की खाचेत अडकल्यासारखे वाटते. ही अडक बॉक्समधून येते असा समज होऊन स्क्रूशी खेळ सुरू होतो.

नवी बेअरिंगे बसवताना त्यांनी मोठे ऑइल सील आणि टाय रॉड बाजूला ठेवून, नकलच्या आर्मला ताणकाटा अडकवून ओढून पाहिले आणि ओढ हवी तेवढी येईपर्यंत शिम कमी-जास्त केले. सील बसवल्यावर मोजले, तर सीलचे घर्षण मोजले जाते, बेअरिंगचा ताण नव्हे. हे काम अंदाजाने करणारे हात मी पाहिले आहेत. काटा लावणारे येथेच पाहिले.

बॉक्स सर्वांत शेवटी उघडला, आणि तो क्रम योग्यच होता, कारण बाहेरचे सांधे ढिले असताना बॉक्सचे माप घेण्यात अर्थ नसतो. हा रॉस पद्धतीचा बॉक्स आहे: कॉलमच्या टोकाला आटे असलेला कॅम, आणि त्या आट्यांत फिरणाऱ्या दोन निमुळत्या पिनी असलेला लिव्हर शाफ्ट. कॅमचा मधला भाग, म्हणजे गाडी सरळ असतानाची जागा, मुद्दाम किंचित घट्ट बनवलेली असते. त्यामुळे स्क्रू चाके सरळ ठेवूनच जुळवायचा आणि नंतर दोन्ही टोकांपर्यंत व्हील फिरवून कुठे अडकत नाही ना ते पाहायचे, हा नियम. पण मधला भाग झिजून सपाट झाल्यावर तेथला प्ले स्क्रूने काढला, तर वळणात पिनी चावू लागतात. माझ्या बॉक्सचे नेमके हेच झाले होते. दोन्ही पिनींना एकेका बाजूने चपटा डाग पडला होता आणि शाफ्टच्या बुशांमधून तेल गळत होते. त्याहून बोलके होते ते आतले ग्रीस. तेल गळते म्हणून कोणीतरी कधी काळी बॉक्समध्ये ग्रीस ठासून भरले होते. ग्रीसमध्ये पिनी आपली वाट पाडून घेतात, ग्रीस त्या वाटेत परत सरकत नाही आणि कॅम कोरडा चालतो. या बॉक्सला ९० ग्रेडचे गिअर ऑइलच लागते. लिव्हर शाफ्ट नवा मिळाला. कॅम मात्र बाजारात धड नसल्याने त्यांनी आपल्या साठ्यातल्या एका जुन्या बॉक्समधला, कमी झिजलेला काढून बसवला आणि तसे मला आधी सांगितले. बुश शेजारच्या लेथवर फॉस्फर ब्राँझमधून उतरवून घेतले आणि बॉडीत बसवल्यावर रीमरने शाफ्टच्या मापाला आणले. उद्यमनगरात गाडी नेण्याचा हाच फायदा आहे: सुटा भाग दुकानात नसेल, तर पन्नास पावलांवर तो बनवणारा टर्नर असतो.

एका गोष्टीत मात्र त्यांनी बनवण्याला ठाम नकार दिला. ड्रॉप आर्मचा गोळा झिजून अंडाकृती झाला होता. त्यावर वेल्डिंग चढवून लेथवर पुन्हा गोल करून मिळेल का, असे मी विचारले, कारण तशी कामे सर्रास होतात. मिस्त्रींनी मान हलवली. घडीव लोखंडाला वेल्डिंगची आच दिल्यावर त्याच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो, आणि स्टिअरिंगचा तुकडा मोडला तर ब्रेक लावायलाही सवड मिळत नाही, हे त्यांचे कारण. नवा ड्रॉप आर्म मिळेपर्यंत गाडी उभी राहिली. उशीर झाला, तरी या नकारासाठी मी त्यांना सर्वांत जास्त गुण देईन.

आता तक्रारी. पहिली वेळेची. सांगितलेल्या मुदतीच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला, आणि काम कुठवर आले हे विचारण्यासाठी फोन केला तर तो क्वचितच उचलला जाई. दुसरी सुट्या भागांची. टाय रॉडचे जे एंड आधी बसवले होते त्यांतल्या एकाचे रबरी बूट गाडी बाहेर काढायच्या आधीच कडेने फाटलेले दिसले. दाखवल्यावर विनातक्रार बदलून दिले, हे मान्य. पण ते दाखवावे लागले. ग्राहकाने आपणहून एंडला ग्रीसचा निप्पल आहे का, बुटाचे रबर मऊ आहे का, आणि बॉल हाताने जोर लावल्यावरच हलतो का, एवढे पाहून घ्यावे. हाताने झुलणारा एंड नवा असला तरी परत द्यावा. तिसरी तक्रार अलाइनमेंटची. टो-इन, म्हणजे पुढची चाके पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली असणे, ते टायरच्या मध्यावर खडूने रेघ मारून, पुढचे आणि मागचे अंतर पट्टीने मोजून लावतात. या जीपला ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण सव्वा ते अडीच मिलिमीटर टो-इन लागतो आणि त्यांनी लावलेला त्याच मर्यादेत होता. परंतु कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, मोजण्याचे कोणतेही साधन त्यांच्याकडे नाही. मूळ कॅस्टर ३ अंश असतो. पाटे बसले किंवा शॅकल झिजले, तर तो कमी होतो आणि मग बाकी सर्व नवे घातले तरी व्हील सरळ परतण्याची ओढ मिळत नाही. तेवढ्यासाठी मला गाडी दुसरीकडे मशिनवर न्यावी लागली. कॅस्टर सुदैवाने ठीक निघाला, पण इतक्या नेटक्या वर्कशॉपात ही उणीव खटकते.

खर्च सुमारे ३१,००० रुपये आला. त्यातले १९,००० च्या आसपास सुट्या भागांचे, उरलेले मजुरी आणि लेथकामाचे. पहिल्यांदा एका कागदावर नुसता एकूण आकडा लिहून मिळाला. मागितल्यावर तपशीलवार बिल दिले आणि काढलेले सर्व जुने भाग एका खोक्यात घालून परत केले. नव्या गाडीच्या सर्व्हिसशी तुलना केली तर रक्कम मोठी वाटेल. पण स्क्रू आवळण्याचे पैसे दर काही महिन्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी देत बसण्यापेक्षा ती मला वाजवी वाटते.

गाडी आता कशी चालते, हे गगनबावड्याच्या रस्त्यावर आणि पुढे करूळ घाटात पाहिले. व्हीलवरचा प्ले दोन बोटांपेक्षा कमी आहे. या रचनेत तो शून्य होत नाही आणि कोणी शून्य करून दिला असेल, तर त्याने बॉक्स नको तेवढा आवळला आहे असे समजावे. घाटातल्या आवळ वळणांतून बाहेर पडताना व्हील हात सैल सोडताच सरळ होऊ लागते. महामार्गावर ताशी साठला, पुलाच्या सांध्यांवरूनही, थरथर येत नाही. व्हील उभ्या गाडीत अजूनही जड लागते, कारण पॉवर स्टिअरिंग या गाडीत कधी नव्हतेच; ज्यांना ते बसवून घ्यायचे आहे, त्यांना हे वर्कशॉप उपयोगाचे नाही, तसली कामे ते घेत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी एवढेच. फोनवर विसंबू नये, सकाळी दहाच्या आत स्वतः जावे, कारण दुपारनंतर मिस्त्री बाहेरच्या कामांना जातात. गाडी धुऊन, विशेषतः खालून चिखल काढून न्यावी; तपासणी हाताने चाचपून होत असल्याने त्याचा फरक पडतो. टायर एकाच मापाचे आणि सारख्या हवेचे असावेत. काम झाल्यावर साधारण ५०० किलोमीटर चालवून गाडी पुन्हा दाखवायला सांगतात. त्या वेळी ड्रॉप आर्मचा नट, स्प्लिट पिना, पाट्यांचे यू-बोल्ट आणि बॉक्सच्या तेलाची पातळी पाहतात, बेल क्रँकला ग्रीस मारतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.