झेरॉक्सची झेरॉक्स की जुळ्यांचा गोंधळ?

कापूस वेचणी संपली की आमच्या यवतमाळकडच्या गावात रात्री अंगणात पिक्चर लावतो. भिंतीला पांढरं धोतर आणि भाड्याचा प्रोजेक्टर, एवढंच थेटर. यंदा वाद दोन सिनेमांचा: 'मल्टिप्लिसिटी' (१९९६) की 'अंगूर' (१९८२)?

हॅरोल्ड रामिसच्या 'मल्टिप्लिसिटी'त मायकेल कीटन हा बांधकामवाला. काम, बायको, पोरं, कशालाच वेळ पुरत नाही, म्हणून स्वतःचीच प्रत काढून घेतो. मग दुसरी. खरी मजा चौथ्याची. तो प्रतीवरून काढलेली प्रत, म्हणून डोक्यानं अर्धवट. तालुक्याला सातबाऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढा, गट नंबरातला आठ तीन दिसतो, तसंच. फवारणी, वेचणी, बँक आणि सोयरीक एकाच दिवशी आलेल्या माणसाला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. चारही भूमिका कीटननंच केल्यात, तरी कोण कोणता ते चालण्यावरून कळतं. शेवटाकडे मात्र जरा गोडगोड होतो.

गुलजारच्या 'अंगूर'मध्ये यंत्रबिंत्र काही नाही. शेक्सपियरच्या नाटकावरून घेतलेल्या जुळ्यांच्या दोन जोड्या, संजीवकुमार आणि देवेन वर्मा. नावंही तीच: दोन अशोक, दोन बहादूर. इथं कोणी कोणाची नक्कल नाही, तरी घरचीच माणसं फसतात. पटकथा घट्ट, भाषेची अडचण नाही, आजीही हसते.

अंगणात 'अंगूर'च लावा. कीटनचा चौथा मी घरी मोबाइलवर पाहीन. बायको तोवर विचारेलच, "तुमची एक प्रत निंदणाले पाठवता का?"