कोकणासाठी ट्रिप-प्लॅनर अ‍ॅप: आठ महिने, चार ट्रिपा आणि शेवटी कालनिर्णय

मागच्या ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आधी हे अ‍ॅप घेतलं, वर्षभराचे पैसे एकदम भरून. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण अशी चार-पाच अ‍ॅप्स आहेत आणि बहुतेक सगळ्यांचं दुखणं एकच. काम काय तर सुरुवात आणि शेवट टाकायचा, मग ते वाटेतले "थांबण्यासारखे" स्पॉट काढून देतं, प्रत्येक ठिकाणी किती वेळ लागेल ते सांगतं आणि दिवसाचं टाइमटेबल करून देतं. आम्ही कोथरूडचे, जुनी सेडान, दोन मुलं, आणि दर दोन महिन्यांनी समुद्र बघितला नाही तर बायकोचं डोकं फिरतं, त्यामुळे आठ महिन्यांत चार वेळा किनाऱ्याला वापर झालाय. आता लिहायला हरकत नाही.

आधी चांगलं सांगतो. पिना टाकून लिस्ट सेव्ह करता येते आणि नकाशा ऑफलाइन चालतो, हे ताम्हिणीत रेंज गेल्यावर फार कामाला येतं. पेट्रोल पंप दाखवतं तेही बरं, सागरी रस्त्यावर पंप विरळच, म्हणून माणगाव नाहीतर दापोलीला टाकी भरून घ्यायची सवय यानेच लावली. आणि घरातली भांडणं कमी झाली. आधी "इथे का नाही थांबलास" हे मी ऐकायचो, आता अ‍ॅप ऐकतं.

आता बाकीचं. पहिली गंमत म्हणजे गाडी चांदणी चौक ओलांडत नाही तोवर याने पिरंगुट ते मुळशी एवढ्या पट्ट्यात अकरा थांबे सुचवले, त्यातले सात मिसळीचे! अरे बाबा, आत्ताच घरून पोहे खाऊन निघालोय.

खरी फजिती हरिहरेश्वरला झाली. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी गेलो होतो. अ‍ॅपवर "२४ तास उघडं, ४० मिनिटं पुरेत" असं लिहिलेलं, म्हणून दर्शन घेऊन साडेबाराला देवळामागच्या प्रदक्षिणेला निघालो, तर खाली पायऱ्याच दिसेनात. म्हणजे पायऱ्या होत्या, पण लाटा त्यांच्यावरून येत होत्या आणि शिट्टी घेतलेला एक माणूस सगळ्यांना मागे हाकलत होता. तिथे लोक वाहून गेलेत, त्यामुळे त्याचं बरोबरच होतं. ती डोंगरकड्याची वाट, ती खाचा पडलेली जाळीदार कातळं, सगळं पाण्याखाली. पावणेदोनशे किलोमीटर येऊन फोटो काय काढला, तर शिट्टीवाल्याचा.

रात्री आत्याला फोन केला. आत्या दापोलीकडची, ऐंशीला टेकलीय. ती म्हणाली, "अरे तिथी बघितलीस का? तिथीची पाऊणपट कर, भरती कळते. शाळेत जाऊन काय शिकलास तू?" हिशेब असा: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला-अवसेला सव्वाअकराच्या आसपास. शुक्ल असो की कृष्ण, मोजणी तीच. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, आत्याच्या भाषेत सुकती. पुनव-अवसेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी भरती पाऊण-एक तास उशिरा. अर्धा तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे कातळावर जायचं असेल तर जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघायचंच आणि तिथल्या माणसाला विचारायचंच. पण पुण्यात घरी बसून तारीख ठरवायला पाऊणपट पुरते.

गंमत म्हणजे हे कळलं तरी डिसेंबरात परत शेण खाल्लं. हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन खाली समुद्रावर बामणघळ बघायला गेलो. कातळात एक अरुंद चीर आहे, भरतीचं पाणी आत घुसतं आणि कोंडलं की उंच उसळतं. मी डोक्यात "कातळ म्हणजे ओहोटी" असं बसवून घेतलेलं, म्हणून हौसेने बरोब्बर सुकतीला पोचलो. घळीत तळाला चार बोटं पाणी आणि एक चप्पल. धाकटा म्हणाला, "बाबा, हे गटार आहे का?" हरिहरेश्वरला ओहोटी लागते, बामणघळीला भरती, आणि अ‍ॅपच्या लेखी दोन्ही ठिकाणं सारखीच: "निसर्ग, ४० मिनिटं".

एप्रिलमध्ये रत्नागिरीहून परतताना सूड घेतला. त्रयोदशी होती, म्हणजे पावणेदहा. गुहागरला मुक्काम केला, लॉजवाल्याकडून पक्की वेळ घेतली आणि साडेनऊला बामणघळीपासून लांबच्या कातळावर जाऊन उभे राहिलो. आधी पायाखालून गुरगुरल्यासारखा आवाज, मग अर्धा सेकंद काहीच नाही, आणि मग धप्पकन पांढरं पाणी वर. पंचवीस मिनिटं कोणी मोबाईल मागितला नाही, यातच काय ते समजा.

जंगलजेटीचं, म्हणजे गाडीसकट खाडी ओलांडून देणाऱ्या फेरीबोटीचं, पण लिहायला हवं. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, या चार फेऱ्यांमुळे हा रस्ता जमतो. दाभोळहून गाडी चिपळूणवरून फिरवून गुहागरला न्यायची तर शंभराच्या वर किलोमीटर जातात, जेटीने समोर उतरता. अ‍ॅप रूटमध्ये जेटी दाखवतं पण रांगेचा वेळ शून्य धरतं. शनिवारी सकाळी वेसवीला आमची दुसरी फेरीही हुकली, तिसऱ्यात नंबर लागला, सव्वा तास गेला आणि पुढचं अख्खं टाइमटेबल लाल. शिवाय पूर्ण ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो, आमची सेडान खालून खरवडली, तो आवाज अजून कानात आहे. गाडी बुटकी असेल तर मधल्या पाण्याची वेळ पकडा. सुट्टे पैसे ठेवा. आणि गाडीत बसून राहू नका, वर जाऊन कठड्याशी उभं राहा. माझ्या मते अख्ख्या रस्त्यावरचा सगळ्यात चांगला थांबा तोच आहे, आणि तो अ‍ॅपच्या यादीत नाही.

वेळासला मार्चमध्ये गेलो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांचं काम उभं केलं. पिल्लं बाहेर आली असतील तर सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, त्यामुळे मुक्कामाशिवाय अर्थ नाही. पहिल्या संध्याकाळी कार्यकर्त्याने घरट्यावरची टोपली उचलली, खाली नुसती वाळू. सगळे हिरमुसले. सकाळी उचलली तर सात पिल्लं. दोरीच्या मागे बसून बघायचं, हात लावायचा नाही. एक पिल्लू सारखं उलटं वळत होतं आणि शंभरेक माणसं श्वास धरून त्या तळहाताएवढ्या जिवाकडे बघत होती. अ‍ॅप म्हणतं वेळास बीच, ४५ मिनिटं.

कशेळीचं कातळशिल्प अजून एक. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जवळपास १८ मीटर लांब हत्ती कोरलाय आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. अ‍ॅपने दुपारी एकची वेळ दिली. जांभा तापलेला, ऊन डोक्यावर, उथळ रेषा, काहीच उमगेना, बायको छत्रीखाली बसून माझ्याकडे बघतेय. जवळच कनकादित्याचं देऊळ, तिथे दुपार काढली आणि साडेपाचला परत आलो, तर तिरक्या उन्हात रेषांमध्ये सावली भरलेली आणि सोंड, पाय सगळं दिसायला लागलं. हे अर्थातच भरतीचं नाही, उन्हाचं गणित, पण अ‍ॅपला तेही येत नाही.

जेवणाचं थोडक्यात: अ‍ॅपने सुचवलेल्या ठिकाणी पनीर टिक्का मिळतो. घरगुती खाणावळीला सकाळी फोन करून ताटं सांगा, न सांगता दोनला गेलात तर भात संपलेला असतो. जून-जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको.

तर पाचपैकी तीन. त्यातले दोन ऑफलाइन नकाशाचे.

नूतनीकरणाचा मेसेज गेल्या आठवड्यापासून रोज येतोय, भरणार नाहीये, फुकटातल्या पिना पुरतात. कालनिर्णयची एक जादा प्रत मात्र गाडीत आलीय. पुढची ट्रिप तुळशीच्या लग्नाला, द्वादशीची. भरती नऊ, सुकती सव्वातीन, म्हणजे जेवून निवांत प्रदक्षिणा. आत्या पण येणार म्हणतेय, तिला पुढची सीट पाहिजे.