माउझर ९८ वर दुर्बीण चढवली, आता सेफ्टी कोणती?
माउझर ९८ या जर्मन धाटणीच्या रायफलीची मूळ सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ) बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याच्या, मागच्या टोकावर असते आणि वरून अर्धवर्तुळात फिरते. दुर्बीण कमी उंचीवर बसवली की तिचं पातं दुर्बिणीलाच अडतं. मग जुन्या कस्टम रायफलींवर दोन उपाय दिसतात.

ट्रिगरला जोडलेली बाजूची सेफ्टी स्वस्त, अंगठ्याखाली सहज येणारी. पण ती बहुधा ट्रिगर किंवा सिअरच (ट्रिगर ओढेपर्यंत पिन रोखून धरणारा खटका) अडवते; काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनला हात लावत नाही. विंचेस्टर मॉडेल ७० धाटणीची तीन टप्प्यांची सेफ्टी आडवी फिरते आणि थेट पिनच मागे धरते. मधल्या टप्प्यावर पिन अडकलेली राहते, तरी बोल्ट उघडून काडतूस काढता येतं. खर्चिक, शिवाय कारागीर मुरलेला हवा. तरी मी हीच घेईन.

कुठलीही असो, रायफल रिकामी करून सेफ्टी लावा, ट्रिगर ओढून सोडा, मग सेफ्टी काढा. ‘खट्’ वाजलं, म्हणजे पिन सुटली, तर रायफल परत कारागिराकडे.