तारकर्लीचं बुकिंग, २१,००५ रुपये आणि नवऱ्याने रात्रभर मनात दाबून ठेवलेली गोष्ट

मे महिन्यात आम्ही सहा जण पुण्याहून मालवणला गाडीने गेलो होतो, सासू-सासरे, आम्ही दोघं, सातवीतली लेक आणि दुसरीतला धाकटा. त्या ट्रिपमध्ये आमची फसवणूक झाली ती सविस्तर लिहिते, कारण सुट्ट्या लागल्या की अशीच शेकडो कुटुंबं रात्री जेवणं झाल्यावर मोबाईल घेऊन होमस्टे शोधत बसतात, तसेच आम्हीही बसलो होतो.

ट्रिप ठरली ती सासऱ्यांमुळे. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे दुखतात, पण सिंधुदुर्ग किल्ला बघायचाय हे ते माझ्या लग्नापासून म्हणतायत. पावसाळ्यात होड्या बंद असतात, मेच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात त्या सप्टेंबरपर्यंत, म्हणून त्याच्या आधी जाऊन यायचं ठरलं. मॅपवर तारकर्लीचा एक होमस्टे सापडला, समुद्रापासून पाच मिनिटं, माडाची वाडी, अंगण, तुळस, भरपूर फोटो, चांगले रिव्ह्यू, घरचं जेवण मिळतं असं सगळ्यांनी लिहिलेलं. तिथेच फोन नंबर होता, त्यावर नवऱ्याने कॉल केला.

समोरचा माणूस अगदी व्यवस्थित मराठीत बोलला. दोन रूम, तीन रात्री, एका रूमचे ३,५०० म्हणजे २१,००० होतील, निम्मे ॲडव्हान्स द्या म्हणाला. व्हॉट्सॲपवर रूमचे फोटो पाठवले, जेवणाचं मेनूकार्ड पाठवलं, सुरमई थाळी, कोंबडी-वडे, सोलकढी सगळं भावासकट. पैसे पाठवताना ॲपवर जे नाव आलं ते होमस्टेचं नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. नवऱ्याने विचारलं तर म्हणे ते आमचे अकाउंटंट आहेत, सीझनमध्ये हिशोब तेच बघतात. आम्हाला पटलं. १०,५०० पाठवले, पावती पण आली, आणि त्याने सहाही जणांच्या आधारकार्डाचे फोटो मागितले तेही आम्ही पाठवून दिले. मुलांचे सुद्धा.

पुढचे वीस दिवस त्या माणसाचा मेसेज येत होता, हवामान छान आहे, येताना फोंडा घाटाने या, वगैरे. एवढं आपुलकीने वागणाऱ्या माणसावर संशय येत नाही हो.

निघायच्या आदल्या रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. मी किचनमध्ये दशम्या बांधत होते, नवरा बाल्कनीत गेला. नंतर त्याने जे सांगितलं ते असं, की तुमचं बुकिंग सिस्टिममध्ये होल्डवर दिसतंय, ५ रुपयांचा कोड चार्ज राहिलाय, तर १०,५०५ एकरकमी पाठवा, आधीचे १०,५०० दहा मिनिटांत आपोआप परत येतील, नाहीतर आज रात्री रूम दुसऱ्याला जातील, वेटिंग आहे. पहाटे पाचला निघायचं, बॅगा दारात, बाबांनी किल्ल्यावर घालायचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला, अशा वेळी माणूस काय करणार. त्याने पाठवले. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, परत काही आलं नाही. मग तो म्हणाला सर आता तुमचं फुल पेमेंट झालंय असं समजा, चेक-इनला काही द्यायचं नाही. हिशोब बरोबर बसला म्हणून नवऱ्याने मान डोलावली, पण त्याच्या पोटात गोळा आला होता हे त्याने मला दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं.

रात्रभर तो झोपला नाही. मला वाटलं ड्रायव्हिंगचं टेन्शन असेल.

सकाळचा प्रवास खरंच सुंदर झाला. वाटेत उजाडलं, कोल्हापुरात मिसळ खाल्ली, मग राधानगरीकडचा रस्ता धरला. बाबा आणि आई मागे बसून त्यांच्या लग्नानंतरच्या एसटीच्या प्रवासाच्या गोष्टी सांगत होते, लेकीने कानातले हेडफोन काढून ऐकल्या. दाजीपूरच्या आधी टायर पंक्चर झाला आणि स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा कमी. आजूबाजूला जंगल, धाकटा गवे दिसतील म्हणून खूश आणि आम्ही घामाघूम. तेवढ्यात फणस भरलेला एक टेम्पो थांबला, ड्रायव्हरने स्वतःचा पंप काढून हवा भरून दिली, चाक बदलायला हात लावला आणि पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत, वर पोरांना एक फणस दिला. फोंडा घाटात धाकट्याला दोनदा उलटी झाली, आईंनी आवळासुपारी दिली, घाट उतरल्यावर बरा झाला.

पण प्रत्येक चहाच्या ब्रेकला नवरा लांब जाऊन फोन लावत होता. कोल्हापूरपर्यंत रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं. नंतर स्विच्ड ऑफ. मी विचारलं तर म्हणाला ऑफिसचं आहे.

साडेतीनला पोचलो. घर तेच, फोटोतलं. तीच तुळस, तेच अंगण. गाडीचा आवाज ऐकून साठीच्या काकू बाहेर आल्या, आम्ही बुकिंग सांगितलं, नवऱ्याने पावती दाखवली, त्यांनी चष्मा लावून नंबर बघितला आणि कपाळाला हातच लावला. "अगे बाय माझ्या, ह्यो नंबर आमचो नाय! पैशे घातलंत तुमी?" त्या महिन्यात अशी तिसरी फॅमिली आम्ही. मॅपवरचा त्यांचा नंबर कुणीतरी बदलून स्वतःचा टाकला होता. अशी माहिती बदलायची सूचना तिथे कुणीही पाठवू शकतो हे त्यांनाच माहिती नव्हतं, त्यांच्याकडे साधा बटणाचा फोन, मुलगा होड्यांवर कामाला. पहिली फॅमिली येऊन भांडून गेली तेव्हा त्यांना कळलं. लोक त्यांनाच चोर समजतात, हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

तेव्हा अंगणात उभं राहून नवऱ्याने रात्रीचे १०,५०५ सांगितले. बाबांच्या समोर. मला पैशापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं, त्याने सतरा-अठरा तास ते एकट्याने वाहिलं, पावणेचारशे किलोमीटर गाडी चालवत. रागही आला, खोटं नाही सांगत. कारण त्याच रात्री त्याने मला हाक मारली असती तर पैसे वाचायची शक्यता होती, हे आम्हाला नंतर पोलिसांनी सांगितलं.

रूम सगळ्या भरलेल्या होत्या. काकू म्हणाल्या, "पोरां उपाशी असतली. आधी जेवा, मगे काय ता बघूया." बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. जेवता जेवता आईंचे डोळे भरून आले. रात्री काकूंनी आईबाबांना स्वतःची खोली दिली, आम्हाला पडवीत गाद्या घातल्या, दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या वाडीत दोन रूम मिळवून दिल्या. एकही रुपया ॲडव्हान्स मागितला नाही.

आता तक्रारीचं. काकूंच्या मुलाने १९३० नंबर सांगितला, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पडवीतून तीन-चार वेळा लावला, मग लागला. त्यांनी बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर विचारला, तो १२ आकडी असतो आणि पेमेंटच्या डिटेल्समध्ये सापडतो, तो आधीच कागदावर लिहून ठेवा म्हणजे फोनवर शोधाशोध होत नाही. तक्रारीचा नंबर मेसेजवर आला, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर उरलेली माहिती आणि स्क्रीनशॉट भरले. बँकेलाही कळवलं. यात काय होतं, तर पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे ज्या ज्या खात्यांत फिरले तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम अडकवून ठेवतात. म्हणून तासाभरात केलेला फोन आणि अठरा तासांनी केलेला फोन यात जमीन-अस्मानाचा फरक. आमच्या पहिल्या १०,५०० मधलं काहीच उरलं नव्हतं, वीस दिवस झालेले. दुसऱ्या १०,५०५ मधले ३,८०० एका खात्यात अडकलेले सापडले. अडकले म्हणजे लगेच आपल्याकडे येत नाहीत, त्यासाठी अर्ज वगैरे सगळं आहे, आमचं अजून चालू आहे.

आणि चौथ्या दिवशी नवीनच प्रकार. मला फोन आला, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे २१,००५ रिफंड मंजूर झालेत, क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करून पिन टाका. रक्कम अचूक, नवऱ्याचं नाव अचूक. हीच टोळी की दुसरी कोण ते देव जाणे. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे जाताना, हे लेकीने मागून ओरडून सांगितलं म्हणून मी थांबले. ज्याचे पैसे गेलेत तो परत मिळायच्या आशेवर असतो आणि त्याच आशेवर ही माणसं दुसऱ्यांदा हात मारतात. असे नुसते संशयास्पद फोन आले, पैसे गेले नसले, तरी सरकारच्या संचारसाथी साइटवर चक्षू म्हणून सोय आहे तिथे नंबर कळवता येतो, मी तो कळवला.

आधारचंही सांगते. हॉटेलवाल्याला पाठवायचंच असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आम्ही आता आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवलंय, पण सहा जणांच्या कार्डांचे फोटो त्या माणसाकडे आहेत ते आहेतच, ती धास्ती माझ्या मनातून जात नाही.

एक गोष्ट मला रोज टोचते. त्या रात्री पडवीत झोप येईना म्हणून मी मॅपवरचे लोकांनी टाकलेले जुने फोटो बघत बसले. एका फोटोत गेटवरचा बोर्ड होता, झूम केला तर त्यावर काकूंचा खरा नंबर रंगवलेला, अगदी वाचता येईल असा. वीस दिवस आधी तो फोटो आम्ही दोघांनीही बघितला होता, माडाचा फोटो म्हणून. तर बुकिंगआधी पाहुण्यांनी टाकलेल्या फोटोंमध्ये बोर्ड शोधा, त्यावरच्या नंबरला फोन करा. नसेल तर समोरच्याला सांगा की व्हिडिओ कॉल लावून गेटपाशी चालत जा आणि बोर्ड दाखवा. खरा मालक हसत हसत दाखवतो, आम्ही परतीच्या वेळी गणपतीपुळ्याला एका ठिकाणी हेच केलं, त्या दादांनी कॉलवर त्यांची गाय पण दाखवली. आणि एकदा पैसे दिल्यावर पाच रुपयांसाठी, कोडसाठी, सिस्टिमसाठी पुन्हा पूर्ण रक्कम मागितली की तिथेच फोन ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांना उठवायचं. सगळ्यांना. लाज वाटली तरी.

किल्ला झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मालवणच्या जेट्टीवरून होडीने गेलो, समुद्र जरा चढलेला होता. बाबा पांढऱ्या शर्टात, एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला होडीवाला धरून उतरले. शिवराजेश्वराच्या देवळात बराच वेळ बसले. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा बघून काही बोलले नाहीत, नुसता नमस्कार केला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरी धाकट्याने मोजून बघितल्या, चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोडं पाणी कसं हे तो अजून विचारतो. तटावर बसून बाबांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, पैशाचं जाऊ दे, पण रात्री मला उठवायचं होतंस रे. तो तिथे पहिल्यांदा रडला.

काकूंचा चुकीचा नंबर आम्ही सगळ्यांनी आपापल्या फोनवरून रिपोर्ट केला, लेकीने काकूंच्या मुलाला शेजारी बसवून त्या पानाचा ताबा मालक म्हणून कसा घ्यायचा ते शिकवलं, दोन आठवड्यांनी खरा नंबर आला. आता दर रविवारी तो मुलगा उघडून बघतो आणि नंबर जागेवर आहे असा मेसेज लेकीला पाठवतो.