हाताने रंगवलेलं कानातलं घ्यावं की स्कॅन करून प्रिंट केलेलं?

बायकोला कानातल्यांचा नाद आणि मला चित्रांचा, त्यामुळे गेल्या तीन वर्षांत आमच्या घरात दोन्ही प्रकार आलेत. एक म्हणजे लाकडाच्या चकतीवर थेट ॲक्रेलिकने रंगवलेलं, आणि दुसरं म्हणजे आधी कागदावर चित्र काढायचं, ते स्कॅन करून टॅबवर साफसूफ करायचं आणि बारीक प्रिंट काढून गोल काचेखाली बसवायचं. मावसबहिणीला यातलं एक घ्यायचंय, तिला सांगितलं तेच इथे लिहितोय.

बघताक्षणी मन जातं ते हाताच्या कामावर, यात शंकाच नाही. पोपटांची जोडी घेतली होती, त्यातल्या एकाची चोच जरा जाड झालेली, पंखावर ब्रशचे फटकारे बोटाला लागायचे. काचेखालच्या प्रिंटला तो स्पर्श नसतो. पण फुगीर काच चित्र थोडं मोठं करून दाखवते, आमच्या कमळाच्या पाकळीवर वॉटरकलर वाळताना धरलेली गडद कड आहे ना, ती मला कागदापेक्षा काचेतूनच जास्त छान दिसते. शिवाय चित्र टॅबवर आरशासारखं उलटवता येतं, त्यामुळे दोन्ही कानांतली कमळं एकमेकांकडे झुकलेली.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, त्यात ॲक्रेलिक मऊ पडतं आणि डबीत तोंडाला तोंड लावून ठेवलं की चिकटतं, चांगलं वार्निश असेल तर त्रास कमी. प्रिंटचीही दुखणी आहेत, स्क्रीनवर झगझगीत दिसणारा मोरपंखी कागदावर मळकट उतरतो, आणि साध्या इंकजेटवर पाण्याचा गोंद लावला तर शाई पसरते, म्हणून लेझर प्रिंट आहे का ते विचारून घ्या. काचेऐवजी रेझिन असेल तर उन्हाने पिवळं पडतं.

‘कॉम्प्युटर आला म्हणजे कला गेली’ हे मला सोलापूरकर म्हणून पटत नाही बघा. चादरीचं डिझाईन पूर्वी आलेखाच्या कागदावर चौकोन भरत काढायचे, मग त्यावरून जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची, आता तेच काम कॉम्प्युटरवर होतं. फुलं काढणारा माणूसच असतो की.

माझ्यापुरता निकाल लागला तो गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत. जानेवारीतली गर्दी, होम मैदानावर पाळण्यांच्या बाजूला कधीतरी हूक निसटला आणि एक पोपट गेला. अर्धा तास मोबाईलच्या टॉर्चने धूळ चाळली, नाही सापडला. जिच्याकडून घेतले होते त्या ताईंना फोन केला, त्यांनी मनापासून दुसरा करून दिला, पण हिरवा वेगळा आला आणि डोळा बारीक झाला, त्यांचा काही दोष नाही, हाताचं काम दुसऱ्यांदा तसंच कसं येणार? बायकोने एकदा घालून आरशात पाहिलं आणि काढून ठेवलं. तो डाग अजून मनात आहे, इतकी आवडती जोडी गेली.

पुढे दिवाळीत कमळातलं एक रिक्षात पडलं. ज्या चित्रकाराकडून घेतलं होतं त्यांना फोन केला, फाईल त्यांच्याकडे होतीच, चार दिवसांत एकच नग आला. तीन वर्षं वापरलेल्या जुन्यापेक्षा नवा रंग थोडा ताजा आहे, शेजारी ठेवले तर कळतं, पण एक या कानात अन् एक त्या कानात असल्यावर कोण ताडून बघणार? मूळ चित्रही त्या चित्रकाराकडे भिंतीवर सुखरूप आहे.

तुमची वस्तू हरवत नसेल तर गोष्ट वेगळी. पेंडंटला जोडीची भानगड नसते, तिथे मी आजही हाताचंच घेईन, उरलेल्या पोपटाला कडी लावून बायको तेच गळ्यात घालते. कानातलं घेणार असाल तर मात्र माझा कल प्रिंटकडे. फक्त पैसे देताना फाईल किती वर्षं ठेवता आणि एकच नग करून देता का, हे दोन्ही विचारून घ्या.