मॉक ड्रिल, बाहेरचा कोर्स की सोसायटीतली बैठक: ठाण्यातल्या कमिटीने काय निवडावं?

पावसाळा जवळ आला की ठाण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या कमिटीत आग, अपघात अशा संकटांच्या तयारीचा विषय निघतो. एक जण म्हणतो मॉक ड्रिल करू. दुसरा म्हणतो चार तरुण पोरांना रीतसर ट्रेनिंगला पाठवू. तिसऱ्याचं म्हणणं, आपणच जमून शिकू. पैसे आणि रविवार दोन्ही मोजके, त्यामुळे तिन्ही होणं कठीण. निवडण्याआधी एवढंच विचारा: मंगळवारी दुपारी बारा वाजता इमारतीत कोण असतं? आजी-आजोबा, शाळेतून आलेली मुलं, कामाच्या मावशी आणि वॉचमन. बाकीचे बीकेसीत नाहीतर ऐरोलीत. माझं मत या एका प्रश्नावर ठरतं.

मॉक ड्रिल सगळ्यात सोपं आणि बहुतेकदा स्वस्तही. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून आग विझवायची यंत्रणा तपासून ती चालू असल्याचा दाखला, म्हणजे ‘नमुना ब’, द्यावा लागतो. एजन्सीचा माणूस येणारच असतो, तर त्यालाच तासभर थांबवून घ्या. होज रीलला पाणी येतं का, पंप सुरू होतो का, रेफ्युज फ्लोअरवर, म्हणजे आगीत आसरा घ्यायला मोकळ्या ठेवलेल्या मजल्यावर, कोणाचं जुनं कपाट पडलंय का, हे त्याच दिवशी कळतं. पण ड्रिलमध्ये एक जण करतो आणि पन्नास जण मोबाईलवर शूटिंग करतात. आग विझवायचा सहा किलोचा पावडरचा सिलिंडर साधारण पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, हे नुसतं बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पिन काढायची, नळी ज्वाळांच्या मुळाशी धरायची, दांडा दाबून डावी-उजवीकडे फिरवायचं. रिफिलिंगला जाणारे सिलिंडर रिकामे व्हायचेच असतात. ते एजन्सीच्या माणसासमोर मोकळ्या जागेत काकूंच्या हातून रिकामे होऊ द्या.

बाहेरच्या कोर्सला तोड नाही ती एकाच बाबतीत, पण ती बाब मोठी आहे: सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहणं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटीमीटर खाली जाईल इतकं दाबायचं, हे वाचून जमत नाही. पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करावं लागतं. नागरी संरक्षण दल आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स हे रीतसर शिकवतात. ‘आपदा मित्र’ योजनेतलं बारा दिवसांचं प्रशिक्षण तर पूर आणि बचावकार्यापर्यंत जातं. मात्र त्याला वयाची अट १८ ते ४० आहे, म्हणजे नेमके दुपारी इमारतीत नसणारे लोक. शहराला ते हवेतच, तुमच्या सातव्या मजल्याला त्यांचा उपयोग रात्री आणि रविवारी. म्हणून सोसायटीच्या पैशाने पाठवायचं तर प्रथमोपचाराच्या कोर्सला पाठवा, आणि घरी असणाऱ्यांना: एखादी गृहिणी, नुकतेच निवृत्त झालेले काका.

राहिली आपली बैठक. कागदावर ती सगळ्यात कच्ची दिसते. प्रमाणपत्र नाही, गणवेश नाही, वृत्तपत्रात फोटो नाही. पण मीटर रूममधला मेन स्विच कुठला, गच्चीची चावी कोणाकडे, वीज गेल्यावर वरच्या टाकीतलं पाणी किती वेळ पुरतं, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना जिना उतरता येत नाही तर त्यांना कोण आणणार, हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. गॅसचंच घ्या. घोडबंदरच्या टॉवरमध्ये पाइपचा गॅस असतो, तो हवेपेक्षा हलका, छताकडे जातो. किसननगरच्या चाळवजा खोलीतला सिलिंडरचा गॅस जड, जमिनीलगत साचतो. दोन्हीकडे विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या, पुरवठा बंद करायचा. पण बंद करायची जागा वेगळी. सिलिंडर गळतीसाठी १९०६, बाकी ११२, १०८ आणि १०१ दारामागे चिकटवून ठेवावेत.

बैठकीचा धोका म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरची विद्या. हार्ट अटॅक आल्यावर जोरजोरात खोकत राहा, असला फॉरवर्ड कोणीतरी वाचून दाखवतोच. तेव्हा कोर्स केलेला निदान एक जण समोर बसलेला हवा. दुसरं म्हणजे उत्साही माणूस गावी गेला की बैठक बंद. भिशीच्या दिवसाला जोडली तर टिकते, असा माझा अंदाज.

एक अपवाद. नौपाडा किंवा कोपरीतली जुनी इमारत पालिकेने सी-१, म्हणजे अतिधोकादायक ठरवली असेल, तर यातलं काहीच करू नका, घर रिकामं करा. तीस वर्षांवरची असेल तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट. आणि नवी म्हणून निश्चिंत राहू नये: ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला कोसळलेली, ७४ जणांचा बळी घेणारी अनधिकृत इमारत अजून बांधूनही झाली नव्हती.

मोठ्या टॉवरने जुलैच्या तपासणीला ड्रिल जोडावं आणि दोघांना प्रथमोपचाराला पाठवावं. सोळा बिऱ्हाडांच्या चार मजली इमारतीने ड्रिलचा घाट घालू नये, एकाला कोर्स आणि महिन्याला बैठक पुरे. एकच काही जमणार असेल तर बैठक, पण आठवड्यातल्या दुपारी, रविवारी नव्हे. वॉचमनलाही खुर्ची द्या. एजन्सी त्याला केव्हाही बदलते, म्हणून नवा आला की त्याच दिवशी सेक्रेटरीने त्याला मीटर रूम आणि गॅसचा व्हॉल्व्ह दाखवायचा, आणि दाखवल्याची सही गेटवरच्या वहीत घ्यायची.