पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, पेशंट दारात: काचेची नळी, फोन की 108?

पावसाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या नव्या एमओला (मेडिकल ऑफिसरला) पहिल्याच आठवड्यात कुणीतरी कानमंत्र देतं: ‘पान लागलेला पेशंट आला की सलाईन लाव आणि रेफर कर.’ असं केलं की जबाबदारी टळते, हे खरं. पण रस्त्यातल्या दीड तासात विष काही थांबून राहत नाही. मग निर्णय घ्यायचा कशाच्या भरवशावर?

माझा कौल आधी काचेच्या नळीला. कोरड्या, नव्या नळीत शिरेतलं 2 मिली रक्त घ्यायचं, नळी न हलवता उभी ठेवायची आणि 20 मिनिटांनी एकदाच आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर संशय घोणस नाहीतर फुरश्याचा, आणि सापाची लस, म्हणजे विषावरचा उतारा, लगेच सुरू. नातेवाइकांनी पिशवीतून आणलेला मेलेला साप न्याहाळत बसायची गरज नाही, आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते.

नळीही फसवते. एकदा एकाचं रक्त गोठेना, पण बाकी लक्षण एकही नाही. शंका आली म्हणून मी स्वतःचं रक्त दुसऱ्या नळीत घातलं. तेही गोठलं नाही! नळ्या कपड्यांच्या पावडरीने धुऊन वाळत घातल्या होत्या. तेव्हापासून सोबत एका धडधाकट माणसाची नळी लावतोच. आणि पहिल्यांदा रक्त गोठलं म्हणून पेशंटला घरी धाडायचं नाही, चाचणी परत करायची.

मण्यारीपुढे मात्र नळी आंधळी, कारण तिचं विष रक्तावर नाही, नसांवर जातं. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो, दंशाची खूणही धड दिसत नाही. तिथे पापण्या बघा. वर बघ म्हटल्यावर उचलत नसतील, मानही सावरत नसेल, तर नळीतल्या गुठळीला काही अर्थ नाही, लस सुरू करायची.

फोनवर, म्हणजे ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर किंवा जिल्हा रुग्णालयातल्या सिनियरशी, बोलायचं ते लस सुरू झाल्यावर. दुसरा डोस द्यावा का, अंगावर पित्त उठलं तर काय, यासाठी फोन उत्तम. रेंज नसेल तर विषय संपला.

108 लागते ती श्वास मंदावला किंवा लघवी कमी झाली तर, कारण व्हेंटिलेटर आणि डायलिसिस आपल्याकडे नाही. पण पहिला डोस चढवून आणि सोबत अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) देऊनच गाडी सोडायची.

रुजू झालात की आधी कपाट उघडून कुप्या मोजा. पहिल्या डोसलाच 8 ते 10 लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच. लसीची रिॲक्शन आली तर लागणारं ॲड्रिनॅलिन त्यांच्या शेजारीच ठेवा, कुलपात नको.